वॉटर टॉर्चवर दागिन्यांचं रिपेअरिंग शिकताय? माझ्या पैंजणाची गोष्ट ऐका

पाण्यावर चालतं म्हणून सेफ, असं मलाही शिकायला लागताना सांगितलं होतं. अहो पाणी जळत नाही तिथे, मशीन विजेने पाणी फोडतं आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं तयार मिक्स्चर नळीतून टॉर्चला येतं. ज्योत सुईएवढी, पण २८०० डिग्रीच्या आसपास, आणि गॅसच्या वाटेवर स्पिरिटची टाकी जोडलेली नसेल तर उजेडात धड दिसतही नाही.

सोन्याच्या साखळीच्या कड्या जोडायला मात्र याच्यासारखं काही नाही, बाजूची कडी हलतसुद्धा नाही. मी त्यातच फसलो. पहिल्याच महिन्यात एका काकूंचं हुपरीचं पैंजण आलं, फासा तुटलेला, आणि मी साखळीला लावतो तीच बारीक सुई (टॉर्चच्या टोकाची नळी) लावून ज्योत थेट जोडावर धरली. डाक, म्हणजे जोड सांधणारा धातू, काही वाहेना. चांदी आंच एका जागी ठेवतच नाही हो, तुम्ही जोडाला देता आणि ती सगळ्या पैंजणभर वाटून टाकते, आणि जोडाच्या दोन्ही बाजू सारख्या तापल्याशिवाय डाक वाहत नाही. डाक साधारण ७०० ला वाहतो, शुद्ध चांदी ९६१ ला वितळते, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटतं ना? मलाही वाटलं. चिडून ज्योत अजून जवळ नेली, पातळ कडी एकदम चमकली आणि तिची गोळी झाली, डाक आपला जोडावर लावलेल्या टाकणखारात तसाच बसलेला. भरपाई माझ्या पगारातून.

चांदीचा मोठा दागिना आला की आधी एलपीजीच्या मऊ ज्योतीने अख्खा गरम करा, लाज कसली त्यात. टॉर्चला मोठी सुई लावू म्हणाल तर छोट्या मशीनचा गॅस पुरत नाही, वेग पडतो आणि ज्योत फट्ट करून मागे जाते. अशी मागे जाणारी ज्योत अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर काढून काम करणाऱ्या उस्तादाकडे तर शिकूच नका, हात कितीही गोड असो. आणि व्हिडिओ बघून हात बसत नाही, मी दोन महिने तांब्याच्या तारेच्या कड्या जोडल्या तेव्हा कुठे. तुमचाही बसेल, घाबरू नका.

मशीनच्या मुख्य टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. पाण्यातून वीज नीट जावी म्हणून घातलेला पोटॅश खर्च होत नाही, पाणीच संपतं, त्यामुळे दरवेळी पोटॅश ओतू नका, आणि भरताना गॉगल-हातमोजे हवेतच. मशीन बंद केल्यावर आतला दाब उतरतो आणि स्पिरिट उलटं मुख्य टाकीत ओढलं जातं, मग दुसऱ्या दिवशी नुसता फेस. म्हणून घरी निघण्याआधी झाकण सैल करायचं, मी ते अजूनही दोनदा तपासतो.