ट्रॅव्हल ट्रेलर दुरुस्त करायचा की बदलायचा? ठरवताना या चुका टाळा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. फांदी पडून त्याच्या छताला खोक पडली किंवा वळताना मागचा कोपरा खांबाला घासला, की मालक आधी पत्र्याकडे बघतो. पोचा आलेला पत्रा दिसतो वाईट, पण तेवढ्याने ट्रेलर सहसा निकामी होत नाही. आत मुरलेलं पाणी आणि वाकलेली चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्याला निकामी करते. या दोन्हींचा अंदाज येईपर्यंत ‘करून घेऊ’ किंवा ‘विकून टाकू’ यातलं काहीच ठरवू नका.

डागावर रंग मारणं

आतल्या भिंतीवर पिवळट डाग दिसला की रंगाचा डबा उघडला जातो. पण पाणी डागाच्या जागीच शिरलेलं असेल असं नाही. छताचे सांधे, व्हेंट, खिडकीची चौकट, बाहेरचे छोटे दिवे यांतून ते आत येतं आणि फ्रेमवरून ओघळत भलतीकडेच उगवतं. म्हणून बाहेरच्या कोपऱ्यावरच्या पट्टीचे खालचे दोन-तीन स्क्रू काढून बघा. स्क्रू चकचकीत असेल आणि जोर लावून निघाला तर बरं. पण तो गंजून बारीक झालाय, बोटानेच फिरतोय आणि आट्यांत काळपट ओला भुसा अडकलाय, तर आतलं लाकूड कुजलंय असं धरून चाला. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम. लाकडातला ओलावा 15 टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. 20 च्या वर जाऊन तिथेच राहिला तर कुजण्याची भीती असते. दारापाशी आणि संडासाभोवती टाचेने दाबत चाला, जमीन दबली तर लगेच कळतं.

भिंत कशाची आहे यावरही बरंच ठरतं. लाकडी फ्रेमवर पत्रा असेल तर पत्रा उतरवून कुजलेलं लाकूड बदलता येतं. काम किचकट, पण हाताने होण्यासारखं. लॅमिनेटेड भिंतीत फायबरग्लास, पातळ प्लायवूड आणि फोम एकमेकांना चिकटवलेले असतात. पाणी शिरलं की थर सुटतात आणि भिंत फुगते. अंधारात टॉर्च भिंतीला समांतर धरा, दिवसा न दिसणारे फुगवटे उठून दिसतील. एखादा छोटा फुगवटा एपॉक्सी भरून, दाबून बसवता येतो. अख्खी भिंत सुटली असेल तर माझं मत ट्रेलर बदलण्याकडेच झुकतं.

छतावर सिलिकॉन फासणं

गळती थांबवायला हाताशी असलेली ट्यूब पिळली जाते. सिलिकॉनवर नंतर दुसरं सीलंट धरत नाही, ते आधी खरवडून काढावं लागतं आणि मजुरी वाढते. छत ईपीडीएमचं (रबराचा प्रकार) आहे की टीपीओचं (प्लॅस्टिकचा प्रकार) ते बघून त्याला चालणारं सीलंटच वापरा.

खाली न वाकणं

वरवरचा गंज घासून रंगवता येतो. गंजाचे पापुद्रे सुटत असतील, वेल्डिंगजवळ तडा असेल किंवा टायर एकाच कडेने झिजला असेल, तर आधी चासी आणि एक्सल वेल्डरला दाखवा. चासीच वाकली असेल तर वरच्या भिंतींवर खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिलं एस्टिमेट अंतिम समजणं

भिंत उघडण्याआधी दिलेला आकडा हा अंदाजच. नुकसान झालेला भाग उघडून मग लेखी आकडा मागा, आणि त्याची तुलना ट्रेलरच्या आजच्या बाजारभावाशी करा. खरेदीची किंमत इथे उपयोगाची नाही. खर्च आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की बदलण्याचा विचार करा, असा ढोबळ आडाखा आहे. विमा असेल तर काम काढण्याआधी फोटो घ्या आणि कंपनीला कळवा. छतावर ताडपत्री मात्र लगेच टाका. अचानक झालेल्या अपघाताचे पैसे बहुधा मिळतात, हळूहळू मुरलेल्या पाण्याचे सहसा मिळत नाहीत.

दुसरा घेताना वजन विसरणं

बदलायचं ठरलं की नजर हमखास मोठ्या मॉडेलवर जाते. आधी तुमच्या गाडीची ओढण्याची क्षमता बघा आणि ती ट्रेलरच्या भरलेल्या वजनाशी ताडा, रिकाम्या वजनाशी नको. एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जागेवर, यावा लागतो. तेवढा भार गाडीला पेलणार नसेल, तर दुसऱ्या ट्रेलरबरोबर गाडीही बदलावी लागेल, आणि मग जुन्याच्या दुरुस्तीचा आकडा पुन्हा काढून बघावा लागतो.