नदीकाठी मोठं हाड सापडलं तर आधी दाढ शोधा

नदीच्या पात्रात जाडजूड हाड मिळालं की सगळे आधी लांबी मोजतात. त्यातून फारसं काही कळत नाही. तुटलेल्या कडेकडे बघा: आत स्पंजासारखी जाळी दिसली तर हाड, एकसंध दिसलं तर बहुधा नुसता दगड. जीवाश्म, म्हणजे दगड बनलेलं प्राचीन हाड, आकाराच्या मानाने जड लागतो आणि टिचकी मारली की खणखणतो. पण नुसत्या काळ्या रंगावर भुलू नका, चिखलात पडलेलं गायीचं ताजं हाडही काळं पडतं.

खरी ओळख पटते ती दाढेवरून. हत्तीच्या किंवा मॅमथच्या (नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या) दाढेवर एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कठीण थराच्या, आडव्या समांतर कडा असतात, हात फिरवला तर किसणीसारख्या लागतात. गाय-म्हशीच्या दाढेवर चंद्रकोरी दिसतात. दाढ नसेल तर खुरांच्या वरचं लांब हाड बघा. खालच्या टोकाला मधोमध खाच आणि दोन गोलसर उंचवटे असतील तर प्राणी गाय, म्हैस, हरणासारखा रवंथ करणारा. घोड्याचं टोक अखंड असतं.

काठात रुतलेलं हाड उपटू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा, तो फोटो संग्रहालयाला दाखवा. सुटं, ओलं हाड उन्हात वाळवलंत तर तडकेल.