फॉरेनहून आलेलं छोटं कुत्रं गावात रुळवायचं कसं

पोरगा-सून जर्मनीहून कायमचे गावी येतात आन् सोबत मांडीवरचं कुत्रं, असं आता आपल्या विदर्भातही दिसू लागलं. शक्य असन तर त्याला दिवाळी ते संक्रांत या दिवसात आणा, म्हणजे उन्हाळ्याच्या आत अंगाला थोडी सवय होते. मे महिन्यात आणलं तर काही खरं नाही.

आपल्याकडं खरा वैरी ऊनच आहे. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होते, आन् पग, शिह त्झू असे चपट्या नाकाचे असले का त्यायले धापाही धड टाकता येत नाही. म्हणून फिरवणं सूर्य वर यायच्या आत नाहीतर पार दिवे लागल्यावर, मधात फक्त शी-शूसाठी सावलीत दोन मिनिटं. डांबरी रस्त्यावर उलटा हात 5 सेकंद ठेवून पाहा, तुम्हाला सोसत नसन तर त्याच्या पायालाही सोसत नाही. नवतप्यात, म्हणजे मे सरता सरता येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसात, लाईट गेली का कूलर बंद, मंग घरातल्या गार फरशीवर ओलं पोतं टाकून ठेवा, तेच बरं. पॉमेरेनियनसारख्या दाट केसाच्या कुत्र्याचे केस भादरू नका, ते केसच त्याला उन्हातून वाचवतात. धापा थांबत नाही, लाळ घट्ट झाली, चालताना झोकांड्या जाते असं दिसलं तर बर्फ शोधत बसू नका, हाताशी असन ते पाणी अंगावर ओता, पंखा लावा आन् दवाखाना गाठा. अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर गेलं का जिवावर बेतते.

दुसरं म्हणजे गोचीड. गोठ्याकडं जाऊन आलं का रोज कानाच्या आत, बोटांच्या फटीत, शेपटीखाली टॉर्च लावून पाहायचं, सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, चिरडायचा नाही. ढोरायचं गोचिडाचं औषध मात्र अंदाजानं ओतू नका, एवढ्याशा जिवाला तो डोस भारी पडते. डॉक्टरकडून वजनानुसार कुत्र्याचंच औषध घ्या. गोचीड ताप बेकार असते, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर लगेच रक्त तपासा.

फवारणीच्या दिवसात वावरात नेऊच नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, मंग पाय चाटणाऱ्या जनावराचं काय घेऊन बसले. पंप, रिकामे डबे, उंदराचं औषध सारं वर ठेवा.

गावातल्या कुत्र्यायची ओळख हळूहळू करून द्या, पट्टा हातातच, रेबीज आन् पार्व्होची (कुत्र्यायच्या जीवघेण्या हगवणीच्या रोगाची) लस आधी. रात्री आत झोपवा, चंद्रपूर-गडचिरोलीकडं तर बिबट अंगणातून कुत्रं उचलते. तालुक्याच्या दवाखान्यात जास्त काम ढोरायचं, त्यामुळं मोठं काही असलं का नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

खाणं एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा. भात, दही, उकडलेलं अंडं चालते, कांदा-लसणाचा रस्सा नाही. आन् कौतुकानं पाहायला आलेल्या पोट्ट्यायले आधीच सांगून ठेवा, चॉकलेट, मनुका काही चारायचं नाही.