दगड रंगवायला बसण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात बागेसाठी सतरा गोटे रंगवले. काही कासवं, बाकीच्या कुंड्यांच्या पाट्या: तुळस, ओवा, कढीपत्ता, गवती चहा. जून संपता संपता कासवांच्या पाठीचे पोपडे निघाले आणि गवती चहातला ‘गवती’ वाहून गेला, नुसता ‘चहा’ उरला. कारण एकच. मी दगडांच्या तळाला काहीच लावलं नव्हतं. मातीत टेकणारी बाजू, बघणार कोण, असं म्हटलं होतं. कोणी बघत नाही, पण पाणी तिथूनच शिरतं. रंगाचा थर जिथे संपतो त्या काठावरून ओल आत सरकते आणि वरचा पापुद्रा उचलते. म्हणून यंदा यादी.

दगड. नर्सरीत गोटे मिळतात, तेच घ्या. गुळगुळीत, भोकं नसलेले. आपल्या काळ्या दगडात बुडबुड्यांची भोकं असतात, ती रंग पितात आणि पाणी धरून ठेवतात. कोकणातून जांभा आणायचा मोह टाळा, तो तर स्पंजच. समुद्रावरचे गोटे असतील तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, नाहीतर मीठ रंगाखालून वर येतं. निवडताना दगड उलटा करून बघा. तळ सपाट हवा.

धुणे. साबण, घासणी. तळही घासा, माती तिथेच चिकटलेली असते.

वाळवणे. वरून कोरडा दिसतो म्हणून वाळला असं नाही. कडक उन्हात तीन-चार दिवस, रोज उलटवून. खात्री करायची तर दगडावर काचेचा वाडगा पालथा घालून उन्हात ठेवा. आतून काचेवर घाम आला तर अजून ओला आहे. घाई म्हणून ओव्हनमध्ये किंवा गॅसवर तापवू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. डोळ्यांचा प्रश्न आहे.

हे सगळं एप्रिल-मे महिन्यात उरका. मृग लागल्यावर दमट हवेत काही धड वाळत नाही आणि व्हर्निश दुधाळ पडतं.

प्रायमर. बाहेरच्या भिंतीचा पांढरा प्रायमर चालतो, पातळ एक हात. आता नीट ऐका: पहिला हात तळाला. पोटाला नाही, पाठीला नाही, तळाला. तो पुरता वाळला की दगड सुलटा करून बाटल्यांच्या तीन झाकणांवर टेकवा आणि मग वरची बाजू. वर्तमानपत्रावर ठेवलात तर कागद चिकटतो आणि तळावर बातम्या छापल्या जातात.

रंग. अ‍ॅक्रिलिक. घरी उरलेला बाहेरच्या भिंतीचा इमल्शन असेल तर उत्तम, मोठा भाग त्याने भरा. पोस्टर कलर आणि डिस्टेंपर नको, पहिल्या सरीत जातात. जाड थर एकदम देऊ नका, दोन पातळ हात. अक्षरं काढायला बारीक ब्रश. चित्र काय काढायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझी कासवं तशीही बटाट्यासारखी दिसतात.

व्हर्निश. डब्यावर ‘बाहेरच्या वापरासाठी’ असं लिहिलेलं असलं पाहिजे. पांढरा गोंद पाण्यात कालवून वरून लावण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. पाऊस लागला की तो पुन्हा पांढरा आणि चिकट होतो. तेलाचं व्हर्निश हळूहळू पिवळं पडतं, पांढऱ्या रंगाला हळद लागते. पाण्याचं घ्या, दोन-तीन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. आणि तळ? तळालाही तेवढेच हात. काठावरून ब्रश खाली वळवा, थर तुटू देऊ नका. मागच्या वेळी मी नेमकी काठापाशी थांबले होते.

मग आठवडाभर सावलीत ठेवा. बागेत थेट मातीवर नको, खाली मूठभर खडी पसरा, म्हणजे तळ चिखलात बसणार नाही. माशांच्या टाकीत घालू नका. उरलेलं व्हर्निश झाकण घट्ट लावून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात एक हात लागेलच. ब्रश धुवा.

खडीवर ठेवण्याआधी एकेक दगड हातात घेऊन उलटा करा. तळ चमकतोय ना?