दात शिवशिवायचे, ते कसे थांबले

थंड पाण्याचा घोट घेतला की डावीकडच्या दातांतून सणकन कळ जायची. दंतवैद्यांनी तपासून सांगितलं, कीड नाही; हिरडीजवळ एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलंय आणि त्याच्या आतला थर, डेंटिन, उघडा पडलाय. झिजलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात आल्यावर उरतच नाहीत. पण नुसता मऊ पडलेला थर लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने आणि फ्लोराइडने पुन्हा कडक होतो. हे ऐकून खरंच धीर आला.

मग ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणली. पोटॅशियम दाताची नस शांत करतं, पण रोज दोनदा वापरावी लागते आणि गुण यायला काही आठवडे जातात. चार दिवसांत सोडू नका. ब्रश मऊ, हात हलका. शेवटी फेस फक्त थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. मला वाटतं, सर्वात जास्त फरक यानेच पडला.

तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. त्यामुळे लिंबू किंवा कोकम सरबत मी जेवणाबरोबरच घेते, वर साधं पाणी, आणि ब्रश अर्ध्या तासानंतर. मिश्री, कोळशाची पूड, लिंबू-सोडा यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. मिश्रीत तर तंबाखूच असते.

आता थंड पाणी बिनधास्त पिते, आईस्क्रीम मात्र जपून. एकाच दातात ठणका, सूज किंवा गरम खाल्ल्यावर रेंगाळणारी कळ असेल तर घरी उपाय करत बसू नका, लगेच दाखवा.