झिजून गेलेल्या डोंगराचा इतिहास शोधायचा कसा? सुरुवात मनसर-देवलापारपासून करा

जुन्या डोंगरपट्ट्यांवर काम करायचं म्हटलं की जिऑलॉजीच्या बऱ्याच मुलांना वाटतं त्यासाठी हिमालयात जावं लागेल, खर्च होईल, गाइडची ओळख लागेल वगैरे. विदर्भातल्या मुलांना तर याची अजिबात गरज नाही. नागपूरहून जबलपूर रोडला लागा, कामठी, कन्हान, मनसर, देवलापार, या वाटेवर तुम्ही एका अख्ख्या पर्वतरांगेच्या मुळांवरून जाता. साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगर होते, खंडांची टक्कर झाली होती, आणि वरचं सगळं घासून गेल्यावर एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल असलेले खडक आज शेताच्या बांधावर दिसतात. याला म्हणतात सौसर पट्टा, पांढुर्णा जिल्ह्यातल्या (२०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्हा) सौसर गावावरून नाव पडलंय, आणि तो छिंदवाडा-नागपूरपासून भंडारा करत बालाघाटपर्यंत धनुष्यासारखा वाकत साधारण २०० किलोमीटर जातो.

एक घोळ आधीच मिटवून टाका. आजचा सातपुडा आणि हा जुना डोंगर एकच नाही. चिखलदऱ्याला जो कडा दिसतो तो बेसॉल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, डेक्कन ट्रॅपचा. सौसरचा डोंगर त्याच्या कितीतरी आधी उभा राहून संपलाही होता, कामठी-उमरेडचा गोंडवाना कोळसा साचला तेव्हा सुद्धा तो जुनाच झाला होता. म्हणून उंची बघून काही ठरवू नका, खडक बघा.

निघण्याआधी नकाशा. जीएसआयच्या (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) भूकोश पोर्टलवर मॅप मिळतात, रामटेक-मनसरचा भाग टोपोशीट ५५ ओ मध्ये येतो. मॅपवर सौसर ग्रुपची फॉर्मेशन्स (थरांचे गट) नावाने दिसतील, सितासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. पाठ करत बसायची गरज नाही, फक्त एवढं डोक्यात ठेवा की मँगनीज मनसर फॉर्मेशनमध्ये, आणि लोहांगी आणि बिचुआत मार्बल आणि कॅल्शियमवाले खडक जास्त. सोबत हॅमर, १०एक्सची लेन्स, ब्रंटन किंवा क्लिनो (दिशा आणि उताराचा कोन मोजणारे कंपास), डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी बाटली, मार्कर पेन. ॲसिड का, तर कॅल्साइटवर टाकलं की लगेच फसफसतं आणि डोलोमाइटवर ताज्या तुकड्यावर जवळपास गप्प राहतं, चाकूने खरवडून भुकटी केली की मग हळू फसफसतं, आणि बिचुआचं मार्बल डोलोमाइटवालं असल्यामुळे ही टेस्ट इथे रोज लागते. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, मे महिन्यात या भागात उघड्या खडकावर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. खाणीत शिरायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, देवलापारच्या बाजूला मानसिंगदेव अभयारण्य लागतं तिथे वनविभागाची. आणि रामटेकच्या गडावर, मनसरच्या पुरातत्त्व उत्खननाच्या जागेवर हॅमर काढायचासुद्धा नाही, तिथे नुसतं बघायचं.

आता खरं काम. माझं ठाम मत आहे की आधी क्रम, मग तारीख. हल्ली उलटं चाललंय, सँपल उचललं, लॅबला पाठवलं, वय आलं, आणि मग ते वय कशाचं हे कोणालाच सांगता येत नाही कारण आउटक्रॉपवर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकावर, कोण कोणाला कापतंय ते कुणी बघितलेलंच नसतं. तेव्हा पहिला आउटक्रॉप भेटला की हॅमर खाली ठेवा आणि वहीत चित्र काढा. मूळ थर कुठला, म्हणजे बेडिंग, त्यावर अभ्रकाची जी पानं-पानं झालीत ती फोलिएशन कुठली, ती फोलिएशन पुन्हा दुमडली आहे का, आणि या सगळ्याला आरपार कापत जाणारी एखादी पेग्मटाइटची (मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाची) शीर आहे का. जे कापलं गेलं ते आधीचं, जे कापतं ते नंतरचं. सौसरमध्ये फोल्ड एकदा नाही, अनेकदा झालेत, त्यामुळे पहिल्या फोल्डची एक बाजू (इंग्रजीत limb) दुसऱ्या फोल्डमध्ये परत वाकलेली दिसते आणि नवशिक्याला वाटतं खडकाचे चार वेगळे थर आहेत, असतो एकच.

बेडिंग आणि फोलिएशन दोन्हीचे डिप (उताराचा कोन आणि दिशा) घ्या, दरवेळी, कंटाळा न करता. फोलिएशन बेडिंगपेक्षा जास्त तिरकी असेल तर थर सरळ आहेत, आणि बेडिंगच जास्त तिरकी निघाली तर थर उलटा झालाय असं समजा, पण हा नियम फोलिएशन त्याच फोल्डची असेल तरच चालतो हे विसरू नका, दोनदा दुमडलेल्या खडकात तो सरसकट लावला तर फसाल. क्वार्टझाइटमध्ये क्रॉस बेडिंग (वाळू साचतानाच्या तिरक्या रेघा) टिकलं असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावरून वरची बाजू थेट कळते.

देवलापारला तर हे सगळं नीट करावंच लागतं. डब्ल्यू. डी. वेस्ट या जीएसआयच्या जिऑलॉजिस्टने १९३६ मध्ये इथे नॅप असल्याचं मांडलं, म्हणजे खडकांची आख्खी चादर आडवी पडून दुसऱ्या खडकांवर सरकलीय. आल्प्समध्ये असतं तसं नागपूर जिल्ह्यात आहे हे त्या काळी केवढं धाडसाचं म्हणणं असेल, आणि तेही सॅटेलाइट इमेज नाही, लॅबमधून वय मिळायची सोय नाही, हे नुसतं पायी फिरून आणि मॅप करून. हेच वेस्ट पुढे सागर विद्यापीठात जिऑलॉजीचा विभाग उभा करायला गेले. आज त्यांच्या नॅपबद्दल मतभेद आहेत, पण मॅपवर एक-एक कॉन्टॅक्ट (दोन खडकांमधली सीमा) चालत जाण्याची त्यांची पद्धत अजूनही तशीच वापरायची आहे.

मेटामॉर्फिझम, म्हणजे उष्णता आणि दाबाने खडक बदलणं, किती चढलंय हे बघायला खनिजं शोधायची. पेलाइट, म्हणजे मूळच्या चिखलाचे शिस्ट, त्यात क्लोराइट, मग गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असं चढत जातं. सौसरमध्ये पूर्वेला बालाघाटकडे ग्रेड, म्हणजे या बदलाची पायरी, कमी आणि पश्चिमेला छिंदवाड्याकडे जास्त, तेव्हा एकाच ठिकाणी न थांबता पट्ट्याला धरून प्रवास करा. पण इथे एक सापळा आहे आणि तो या पट्ट्याचा खास आहे. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्गच्या बाजूला गार्नेट दिसलं की लगेच वहीत ‘हाय ग्रेड’ लिहू नका. जीएसआयच्याच एल. एल. फरमॉरने १९०९ च्या मोठ्या मेमॉयरमध्ये (ग्रंथात) ज्याचं वर्णन केलं तो गोंडाइट, गोंड लोकांवरून नाव दिलेला, तो म्हणजे क्वार्ट्झ आणि स्पेसार्टीन गार्नेट, आणि स्पेसार्टीन हे मँगनीजचं गार्नेट. मँगनीज भरपूर असेल तर गार्नेट बऱ्याच कमी तापमानाला सुद्धा तयार होतं. म्हणून ग्रेड ठरवायला मँगनीजच्या थरापासून लांबचे साधे पेलाइट घ्या.

सँपल तोडायच्या आधी त्याच्या वरच्या पृष्ठभागावर मार्करने स्ट्राइकची (थराच्या आडव्या दिशेची) रेघ, डिपचा बाण आणि आकडा लिहा, जागेचं रीडिंग घ्या, स्केल ठेवून फोटो काढा, मगच हॅमर. दिशा न लिहिलेल्या सँपलवरून शिअरमध्ये (खडक एकमेकांवरून घसरून चिरडलेल्या पट्ट्यात) कोण कुठे सरकलं ते नंतर सांगता येत नाही.

लॅबमध्ये पहिली पायरी थिन सेक्शन, ०.०३ मिलिमीटरची काप. गार्नेटच्या पोटात अडकलेली बारीक खनिजं कुठल्या दिशेने लागलीत आणि बाहेरची फोलिएशन कुठल्या, हे जुळत नसेल तर गार्नेट आधीच्या हालचालीचा साक्षीदार आहे. मग मायक्रोप्रोबवर (बारीक ठिपक्याचं रासायनिक मोजमाप करणारं यंत्र) गार्नेट-बायोटाइटमधल्या लोह आणि मॅग्नेशियमच्या वाटणीवरून तापमान, गार्नेट आणि प्लॅजिओक्लेजसोबत ॲल्युमिनोसिलिकेट (कायनाइट, सिलिमनाइट) आणि क्वार्ट्झ असेल तर दाब. १ किलोबार म्हणजे ढोबळमानाने साडेतीन किलोमीटर खोली, म्हणजे ८ किलोबार आला तर तुमचा तुकडा कधीतरी २८ किलोमीटर खाली होता. आधी दाब चढला आणि मग तापमान, असा मार्ग दिसला तर टकरीच्या डोंगराचा संशय घ्यायला जागा आहे.

वयासाठी झिरकॉन आणि मोनाझाइट ही खनिजं, त्यांतल्या युरेनियमच्या क्षयावरून वय निघतं. झिरकॉनचा गाभा आणि कड वेगळ्या वयाची असू शकते, म्हणून सीएल इमेज (दाण्यातले वाढीचे पट्टे दाखवणारा फोटो) काढल्याशिवाय वय मोजायला लेझर लावू देऊ नका. मोनाझाइट मेटामॉर्फिझमच्या काळात वाढतं, म्हणून ते गार्नेटच्या आत आहे की बाहेर हे लिहून ठेवा, तेव्हाच त्या वयाला अर्थ येतो. या भागात असंच कळत गेलं की उत्तरेच्या रामाकोना-कटंगी ग्रॅन्युलाइटमधून (खूप तापलेल्या खोलच्या खडकातून) १०० कोटींच्या आसपासचे आकडे येतात आणि दक्षिणेच्या बालाघाट-भंडारा ग्रॅन्युलाइटमधून १६० कोटींच्या आसपासचे. म्हणजे इथे एकच घटना नाही घडलेली, एका जुन्या टकरीच्या जागी कोट्यवधी वर्षांनी पुन्हा सगळं दाबलं गेलंय. आणि १०० कोटींचा काळ म्हणजे जगभरचे खंड रोडिनिया या महाखंडात जोडले जात होते तो काळ.

मॉडेल सगळ्यात शेवटी. उत्तरेचा बुंदेलखंड क्रेटॉन (खंडाचा जुना स्थिर तुकडा) दक्षिणेच्या बस्तरखाली गेला की बस्तर उत्तरेला खाली गेला, दोन्ही मतांचे लोक आहेत आणि दोघांकडे पुरावे आहेत, तेव्हा एक बाजू निवडून मग फील्डला जाऊ नका. नवीन मुलाने हात घालावा असा प्रश्न मला विचाराल तर तिरोडी नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक. हा सौसरच्या खालचा जुना पाया, की सौसरचेच खडक वितळून झालेला नाइस, हा वाद फार जुना आहे. कॉन्टॅक्टवर जाऊन बघा की नाइसमध्ये सौसरपेक्षा एखादी जास्तीची जुनी फोलिएशन आहे का आणि ती कॉन्टॅक्टपाशी कापली जाते का, नाइसवर बसलेल्या सौसरच्या सगळ्यात खालच्या थरात नाइसचे गोटे सापडतात का, आणि त्याच थरातल्या वाळूतून आलेल्या झिरकॉनमध्ये नाइसच्या वयाचे दाणे आहेत का. असा उघडा कॉन्टॅक्ट शोधायला पावसाळ्यानंतर पाणी उतरलेले नाले आणि नवीन रोड कटिंग सगळ्यात बरे, पुढच्या पावसापर्यंत कटिंगवर गवत चढायला लागतं.