शिक्षण परिषदेला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघून ठेवा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला १६ आठवड्यांची इंटर्नशिप असते, त्यात कधीतरी मुख्याध्यापक सांगतातच, उद्या केंद्राची शिक्षण परिषद आहे, वर्गाच्या मॅडमबरोबर तुम्हीपण जावा. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, आणि परिषद म्हणजे त्या शाळांतले शिक्षक एका दिवसासाठी एकत्र बसून एकमेकांकडनं शिकतात ती बैठक. मी गेल्या पावसाळ्यात गेले होते कोल्हापूर-गगनबावडा रोडच्या बाजूला, आणि तो दिवस मला अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून यंदा जे जाणारेत त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी कॉलेजच्या सरांना फोन करून सांगा, कारण त्या दिवशी तुमचे पाठ होणार नाहीत. इंटर्नशिपची डायरी बरोबर घ्या आणि संध्याकाळी तिथंच सही घ्या, नंतर सहीसाठी परत हेलपाटा नको. एसटी रंकाळा स्टँडवरनं एक गाडी आधीची धरा. जुलै-ऑगस्ट असेल तर आदल्या रात्री रस्त्याची चौकशी कराच, पंचगंगा वाढली की राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची वाहतूकच थांबते. कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत. डबा आणि पाण्याची बाटली घ्याच, जेवणाची सोय असेलच असं नाही.

मोबाईल फुल चार्ज करा, आणि दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचं काही बघायला सांगितलं असेल तर घरीच डाउनलोड करून ठेवा, रेंजचा भरवसा नाही. आमच्यात प्रोजेक्टरची केबलच जुळेना आणि पाऊण तास त्यात गेला, मला लई वाईट वाटलं, कारण चाळीस शिक्षक आपापल्या शाळेची सोय लावून आलेले असतात. निपुण भारत (लहान पोरांना वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून असलेलं सरकारी अभियान) आणि अध्ययन निष्पत्ती (कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला पाहिजे ते) यावर एकदा नजर टाकून जावा म्हणजे बोलणं कळतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास असं शिकणं अपेक्षित आहे, म्हणजे नोकरी लागल्यावरही हे चालूच राहणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं टाचण, म्हणजे पाठाची लिहून काढलेली तयारी, नेऊ नका, पोरांची वही न्या. खरंच सांगते. मी माझी सजवलेली पाठ टाचण वही नेली होती, ती पिशवीतच राहिली. मॅडमनी मात्र तिसरीतल्या एका पोराच्या वहीचं एक पान आणलं होतं, नाव झाकून, त्यावर ४२ वजा १७ बरोबर ३५. गटात बसल्यावर त्यांनी ते मधी ठेवलं आणि विचारलं, ह्यानं काय केलं असेल सांगा. मी लगेच म्हणाले हातचा विसरला. शेजारच्या शाळेतले एक गुरुजी म्हणाले, विसरला नाही ओ, दोनातनं सात जात नाहीत म्हणून त्यानं सातातनं दोन काढले, आणि एवढा एकच नाही, वर्गात चार-पाच तरी असं करणारे असतात बघा. मग त्यांनी झोळीतनं काड्या काढल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, काड्या सतरंजीवर पसरल्या, सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात बाजूला, राहिल्या पाच, तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला, राहिले दोन. पंचवीस. मी फळ्यावर कितीदा ‘हातचा घ्या’ म्हणाले असेन, पण तो हातचा येतो कुठनं ते पोरांना कधी दाखवलंच नव्हतं.

म्हणून आदल्या दिवशी वह्या तपासताना जी चूक तुम्हाला उलगडत नाही त्या पानाचा फोटो काढा, मॅडमना विचारून आणि नाव न दिसता. आणि एक छोटी वही न्या ज्यात फक्त ‘उद्या वर्गात काय करणार’ एवढंच लिहायचं, बाकी पीपीटी नंतर मिळते. गटात पहिल्यांदा गप्प बसून ऐका, पण आपला प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका, आपण शिकाऊ आहोत म्हणून कोण काय म्हणत नाही, उलट जुने शिक्षक जवळ बोलावून सांगतात.

येताना काड्या आणि रबरं विकत घेऊन या, स्टँडजवळच मिळतात. मी घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला गठ्ठा दिल्यावर त्यानं रबर स्वतः सोडलं, काड्या दोनदा मोजल्या आणि मग वहीतलं ३५ खोडलं.